रायफलीची गवसणी

कामगारांच्या दारसभांत बोलणाऱ्या माणसाने वसंत व्याख्यानमालेच्या पुस्तकासाठी रायफलीच्या कापडी आच्छादनावर लेख लिहावा, हे पुष्कळांना विपरीत वाटेल. पगार, बोनस, भविष्यनिर्वाह निधी, कामाचे तास हे आमचे नेहमीचे विषय. शिवाय सोलापूरचे आणि रायफलीचे जुने नाते काही सुखाचे नाही. मे १९३० मध्ये या शहरावर मार्शल लॉ लादला गेला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन या चौघांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिली गेली. आमच्या आजोबांच्या पिढीने रायफल ओळखली, ती तिच्या तोंडासमोर उभे राहून.

परंतु वस्तू तीच राहते आणि तिचा उपयोग बदलतो. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्निल कुसाळे याने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन या प्रकारात ४५१.४ गुण मिळवून कांस्यपदक पटकावले. तो कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, आणि त्या वेळी मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. होटगी जंक्शन ज्या मध्य रेल्वेवर आहे त्याच रेल्वेचा हा कामगार. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक मिळविले, त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूने ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक पदक मिळविण्यास ७२ वर्षे जावी लागली. त्याआधी २०१० साली म्युनिकला कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत हिने ५० मीटर प्रोन प्रकारात जागतिक विजेतेपद मिळविले होते. या दोघांच्या हातांत त्या दिवशी होती ती .२२ बोअरची, 'रिमफायर' नावाने ओळखली जाणारी रायफल. राष्ट्रीय छात्रसेनेत गेलेल्या आमच्याकडच्या मुलामुलींनी पहिला नेम धरला तोही याच बोअरच्या रायफलीने.

हा खेळ खर्चाचा आहे, हे खरे. रायफल महाग, काडतुसे महाग, अंगातला जाड कोटही महाग. मात्र रायफलीची निगा महाग नाही. ती कापडाची, सुईदोऱ्याची आणि थोड्या विचाराची गोष्ट आहे. कापड आणि विचार या दोन्ही गोष्टी सोलापूरच्या कामगाराने पुष्कळ वर्षे हाताळल्या आहेत. म्हणून धुळीपासून रायफल झाकणारी गवसणी घरी कशी शिवावी, हे आम्ही येथे सांगणार आहोत. आणि त्याहूनही आधी, ती का शिवावी आणि तिच्यावर किती भरवसा ठेवावा, हे सांगणार आहोत.

'गवसणी' हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतो. आकाशाला गवसणी घालण्याची भाषा आपण सभांतून ऐकतो, परंतु मूळची गवसणी म्हणजे तंबोऱ्यावर घालायची कापडी खोळ. मिरजेहून आलेला तंबोरा गवसणीत येतो. दिंडीतली वीणा भजन संपल्यावर गवसणीत जाते. नाजूक वस्तूला हवा लागू द्यायची आणि धूळ लागू द्यायची नाही, ही या शब्दातली युक्ती आहे. तीच आपल्याला हवी आहे.

आता एक अट आरंभीच सांगतो, कारण तिच्याशिवाय पुढचे सारे व्यर्थ आहे. .२२ ची रायफल १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली येते. परवान्याशिवाय ती जवळ बाळगणे गुन्हा आहे. छात्रसेनेची रायफल शस्त्रागारातच राहते. ती कोणाच्या घरी जात नाही. तेव्हा हा लेख परवानाधारक खेळाडूंसाठी, नेमबाजी मंडळांसाठी, आणि छऱ्याच्या हवाई रायफलीवर सराव करणाऱ्या मुलांसाठी आहे. कारण हवाई रायफलीलाही हीच गवसणी चालते.

प्रथम रिमफायर म्हणजे काय ते पाहू. काडतूस म्हणजे पितळेचे छोटे नळकांडे. पुढे गोळी, आत दारू, आणि बुडाशी ठिणगी देणारे मिश्रण. मोठ्या रायफलीच्या काडतुसात हे मिश्रण बुडाच्या मध्यभागी एका छोट्या टोपीत असते. .२२ च्या काडतुसाला अशी टोपी नसते. त्याच्या बुडाला भोवताली एक बाहेर आलेली कड असते. ही कड आतून पोकळ असून मिश्रण त्या पोकळीत भरलेले असते. चाप ओढला की पिन कडेवर आपटते, कड चेंबरच्या काठाशी चेपली जाते आणि ठिणगी पडते. कडेला इंग्रजीत 'रिम' म्हणतात, म्हणून रिमफायर. अमेरिकेत स्मिथ आणि वेसन यांनी १८५७ साली .२२ चे पहिले छोटे काडतूस बाजारात आणले. आज जगभर वापरले जाणारे 'लाँग रायफल' काडतूस १८८७ सालचे. गोळीचा व्यास सुमारे ५.६ मिलिमीटर आणि नेहमीच्या गोळीचे वजन ४० ग्रेन, म्हणजे अडीच ग्रॅमांहून किंचित अधिक.

या रचनेतून धुळीच्या दृष्टीने दोन गोष्टी निघतात. पहिली अशी की काडतुसाची कड बोल्ट आणि चेंबरचा काठ यांच्यामध्ये नेमकी बसावी लागते. तेथे तेलात कालवलेल्या धुळीचा थर साचला, तर बोल्ट पुरता मिटत नाही. किंवा मिटला तरी पिनेचा घाव त्या थरावर वाया जातो आणि काडतूस पेटत नाही. (असे झाल्यास रायफलीचे तोंड लक्ष्याकडेच ठेवून थांबावे आणि मैदानावरील अधिकाऱ्यास सांगावे, घाईने बोल्ट उघडू नये.) दुसरी गोष्ट अशी की .२२ ची गोळी बहुधा उघड्या शिशाची असून तिच्यावर मेणाचा किंवा चरबीचा हात दिलेला असतो. मेणाला धूळ चिकटते. शिसे मऊ असल्याने कण त्यात रुततो आणि गोळी नळीतून जाताना त्या कणाला घासत नेते.

फिटर खात्यात काम केलेल्या माणसास हे समजावून सांगावे लागणार नाही. कठीण पोलाद घोटायचे असेल तर कारागीर मऊ धातूच्या तुकड्यात कुरुंदाची पूड रुतवतो आणि तो तुकडा पोलादावर फिरवतो. मऊ धातू कण धरून ठेवतो आणि कण कठीण धातूला कापतो. धुळीने माखलेली शिशाची गोळी नळीत नेमके हेच काम करते. एका गोळीने काही बिघडत नाही. परंतु सराव करणारा खेळाडू वर्षाकाठी हजारो गोळ्या झाडतो. पन्नास मीटरवरील लक्ष्यात दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे आपल्या करंगळीच्या नखाएवढे असते. तेथे नळीतला बारीकसा ओरखडाही हिशेबात येतो.

आता होटगीची धूळ. सोलापूरहून येणारी गाडी होटगीस आली की एक फाटा विजापूर-गदगकडे आणि दुसरा कलबुर्गी-वाडीकडे जातो. भोवती काळी जमीन. चैत्र-वैशाखात ती भेगाळते आणि दुपारच्या वावटळीत तिचा बारीक भुगा उडतो. रस्त्यांवर मुरूम आणि खडीचा चुरा. सिमेंट आणि कोळसा यांची वाहतूक या भागाला नवी नाही. फताटेवाडीचे १,३२० मेगावॉटचे औष्णिक वीजकेंद्र येथून जवळच आहे. म्हणजे आपल्याकडची धूळ एका जातीची नाही. खडीच्या चुऱ्यातील खनिजे आणि गारगोटीचे कण नळीच्या पोलादाला चरे पाडण्याइतके कठीण असतात. काळ्या मातीचा भुगा तितका कठीण नसतो, पण तो ओल धरतो. मृगाच्या पहिल्या सरीनंतर हवा दमट झाली की पोलादावर बसलेल्या अशा थराखाली तांबेरा धरू लागतो. सिमेंटची धूळ ओल लागली की जागच्या जागी घट्ट होते. एक धूळ कापते, दुसरी गंज आणते, तिसरी चिकटून बसते.

मग गवसणी शिवली म्हणजे प्रश्न मिटला काय? नाही. धुळीशी लढण्याचा एक क्रम आहे आणि तो कारखान्यात शिकावा लागतो. पहिले काम धूळ उठूच न देण्याचे. दुसरे काम उठलेली धूळ वस्तूपर्यंत पोहोचू न देण्याचे. आणि वस्तूवर आच्छादन घालणे हे तिसरे व शेवटचे काम. हा क्रम उलटा केला की आच्छादन मळते आणि वस्तूही मळते. म्हणून रायफल ज्या खोलीत आहे तेथे कोरडा केर काढू नये; ओल्या फडक्याने पुसावे. कोरड्या केरसुणीने जितकी धूळ सुपात येते, तितकीच हवेत जाते आणि तासाभराने परत बसते. कपाट खिडकीसमोर किंवा रस्त्याकडच्या भिंतीला असू नये. कपाटाच्या दाराच्या फटीवर कापडाची पट्टी चिकटवावी. एवढे केल्यावर मग गवसणी.

कापडाची निवड हा या कामाचा प्राण आहे. प्लॅस्टिकची पिशवी धूळ अडवते हे खरे, पण आतली ओलही अडवते. थंड पोलादावर दव धरते आणि बाहेर पडण्यास वाट नसते. चामड्याच्या म्यानात कमावण्याची द्रव्ये आणि क्षार राहतात व तेही ओल धरतात. प्रवासात तासाभरासाठी ठीक, मुक्कामाला नाही. फोमच्या पेटीचेही तसेच. सुती कापडातून हवा खेळते. बाहेरून घट्ट विणीचे सुती ड्रिल किंवा पातळ कॅनव्हास घ्यावे आणि आतून मऊ मांजरपाट. विणीची परीक्षा सोपी आहे. कापड उन्हासमोर धरावे. सुताच्या मधून टाचणीच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले तर ते कापड बाहेरच्या थराला उपयोगाचे नाही.

येथे मागावर काम केलेल्या लोकांना ठाऊक असलेली, परंतु दुकानात कोणी न सांगणारी एक गोष्ट सांगतो. कोऱ्या कापडात खळ असते. ताण्याचे सूत मागावर तुटू नये म्हणून त्याला पिष्टाची खळ देतात. हलक्या कापडाला वजन आणि जाडी यावी म्हणून चिनी मातीची भर घालण्याची चालही गिरण्यांत फार जुनी. पिष्ट ओल धरते आणि किडीला बोलावते. चिनी माती तर मातीच. धुळीपासून वाचण्यासाठी घेतलेल्या कापडातच धूळ असली तर काय साधले? म्हणून कोरे मांजरपाट रात्रभर पाण्यात भिजवून, दुसऱ्या दिवशी साबणाच्या गरम पाण्यात दोनदा धुवावे आणि निथळणारे पाणी स्वच्छ दिसेपर्यंत खळबळावे. याने कापड आटायचे तेवढे आटूनही जाते आणि शिवल्यावर गवसणी तोकडी होत नाही. घरात जुने, शंभर वेळा धुतलेले धोतर किंवा चादर असेल, तर आतल्या थराला त्यासारखे कापड नाही.

दुसरी गोष्ट रंगाची. स्वस्त काळे सुती कापड पुष्कळदा गंधकी काळ्या रंगात रंगविलेले असते. असे कापड दमट हवेत वर्षानुवर्षे पडून राहिले की रंगातील गंधकापासून थोडेथोडे आम्ल तयार होते. जुने काळे कापड हाताने टरकते त्याचे हे एक कारण. ते पोलादाला लागून ठेवू नये. आतला थर बिनरंगी पांढराच असावा. पांढऱ्याचा आणखी एक फायदा असा की तांबेरा, तेलाचा डाग किंवा धूळ त्यावर ताबडतोब दिसते.

आता मापे. प्रत्येक रायफलीचे माप वेगळे असते, म्हणून आपली रायफल रिकामी असल्याची खात्री करून शिंप्याच्या फितीने मोजावी. उदाहरणासाठी तिची लांबी ४३ इंच धरू. बोल्टची मूठ आणि मागची दुर्बीण-माशी धरून सर्वांत फुगीर भागाचा घेर १६ इंच धरू. कापडाची लांबी अशी: रायफल ४३, तोंडाकडे मोकळीक १, तेथील शिलाई १, दस्त्याच्या पलीकडे दुमडण्यासाठी ६ आणि नेफ्यासाठी २, एकूण ५३ इंच, म्हणजे सुमारे १ मीटर ३५ सेंटिमीटर. रुंदी अशी: घेर १६, मोकळीक २, दोन्ही कडांच्या शिलाईस एकेक इंच, एकूण २० इंच. ३६ इंची पन्ह्याच्या कापडात एक पट्टा निघून १६ इंच रुंदीचा तुकडा उरतो. तो टाकू नये. त्याचे काम पुढे येते. ड्रिलचा एक आणि मांजरपाटाचा एक, असे दोन पट्टे कापावेत. मांजरपाटाला नेफा आणि दुमड लागत नाही, म्हणून तो लांबीला ८ इंच कमी घ्यावा.

ड्रिलचा पट्टा सुलट बाजू आत ठेवून लांबीत दुमडावा. दुमडल्यावर रुंदी १० इंच होते. दस्त्याकडे ती तशीच ठेवून नळीच्या तोंडाकडे ६ इंचांपर्यंत निमुळती करावी, म्हणजे नळी आत हेलकावत नाही. लांब कड आणि तोंडाकडची कड यांवर दुहेरी टीप मारावी. मग पिशवी उलटवून सुलट बाजू बाहेर काढावी. मांजरपाटाची पिशवी अशीच शिवावी, पण पाव इंच आतून टीप मारावी, म्हणजे ती किंचित लहान होईल. आणि ती उलटवू नये. शिलाईच्या कडा बाहेर असलेली ही पिशवी तशीच ड्रिलच्या पिशवीत सारावी. असे केल्याने दोन्ही पिशव्यांच्या सुटलेल्या कडा दोन थरांच्या मध्ये लपतात. रायफलीला केवळ सपाट कापड लागते आणि सुताचे तंतू बोल्टमध्ये जात नाहीत.

आतल्या पिशवीत तोंडाकडच्या टोकाला चार पदरी कापडाची गादी हाताने टाचावी. नळीच्या तोंडाची कड हा रायफलीचा फार नाजूक भाग. गोळी शेवटी तेथूनच सुटते, आणि तेथे टवका उडाला तर नेम बिघडतो. बाहेरून याच टोकाला लाल कापडाची पट्टी लावावी, म्हणजे गवसणीतही रायफलीचे तोंड कोणत्या बाजूस आहे ते दुरून कळते आणि ती बाजू माणसाकडे कोणी धरत नाही.

दस्त्याकडे बाहेरच्या पिशवीची कड दुमडून नेफा शिवावा आणि त्यात सुती नाडी ओवावी. चेन लावू नये. तिचे दात दस्ता आणि नळी दोन्ही खरवडतात. चिकटपट्टीचे काटेरी बंदही नकोत. ते केस, धागे आणि धूळ गोळा करून बसतात. आतली पिशवी बाहेरच्या पिशवीला कायमची शिवू नये. काठाशी तीन ठिकाणी छोट्या बंदांनी बांधावी, म्हणजे ती सोडून वेगळी धुता येते. रायफल आत सारताना तोंड आधी, दस्ता शेवटी. मग नाडी आवळून वरचा ६ इंचांचा भाग दुमडावा, जसे पोत्याचे तोंड आपण शिवण्यापूर्वी दुमडतो.

उरलेल्या १६ इंची तुकड्यातून मैदानावर वापरायची अर्धी गवसणी होते. दोन फेऱ्यांच्या मध्ये रायफल चटईवर असते आणि वाऱ्याने उडालेली माती नेमकी बोल्टवर बसते. सुमारे १५ इंच रुंद आणि १८ इंच लांब तुकडा घेऊन चारी कडा दुमडून शिवाव्यात आणि कोपऱ्यांत एकेक जुने नाणे शिवून टाकावे, म्हणजे तो वाऱ्याने उडत नाही. हे कापड भडक रंगाचे असावे, नाहीतर त्यावर भडक पट्टी लावावी. नेमबाजीच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे पेटीबाहेर असलेल्या रायफलीच्या चेंबरमध्ये सुरक्षेचा झेंडा लावलेला असतो. आपल्या कापडाने तो झाकला जाऊ नये. आणि तोंडावर कोणतेही झाकण, बोळा अथवा कापड असताना रायफल कधीही झाडू नये. नळीत अडथळा असताना सुटलेली गोळी नळी फाडू शकते.

शिवून झाल्यावर गवसणीची परीक्षा घ्यावी. तिच्यात रायफल न घालता काळ्या कागदाची सुरळी घालावी, तोंड नीट आवळावे आणि जेथे रायफल ठेवायची तेथेच पंधरा दिवस टांगून ठेवावी. शेजारी तशीच एक सुरळी उघडी टांगावी. पंधरा दिवसांनी दोन्ही कागदांवरून ओले बोट फिरवून पाहावे. आतल्या कागदावर रेघ उमटली तर वीण विरळ आहे किंवा नाडी सैल आहे. हा प्रयोग शाळेतील मुलांनाही करता येईल. आपल्या गल्लीत किती धूळ बसते हेही त्यांना त्यातून कळेल.

वापराचे नियम थोडे आहेत, पण ते मोडू नयेत. गवसणी घालण्यापूर्वी रायफल रिकामी करावी, बोल्ट उघडून चेंबर डोळ्यांनी पाहावे. बाहेरून स्वच्छ फडक्याने पुसावे, कारण तळहाताच्या घामात मीठ असते आणि बोटांचे ठसे जसेच्या तसे तांबेऱ्यात उमटतात. तेलाचा हात द्यावा तो फडक्याला. रायफलीवर तेल ओघळू देऊ नये. जादा तेल म्हणजे धुळीला दिलेले आमंत्रण. मळलेल्या रायफलीवर गवसणी घालणे म्हणजे धूळ आत कोंडणे होय. मैदानावरून आलेली तापलेली रायफल थोडी निवू द्यावी. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा बाहेर काढून पाहावी. आतली पिशवी महिन्याने धुऊन कडक उन्हात वाळवावी; होटगीच्या उन्हाचा एवढा तरी उपयोग करून घ्यावा. चापाची यंत्रणा घरी खोलू नये. ते परवानाधारक कारागिराचे काम. गवसणीत काडतुसे ठेवू नयेत. आणि गवसणी म्हणजे कुलूप नव्हे. कापडात गुंडाळलेले शस्त्र मुलांच्या हाती लागण्याचा धोका तेवढाच राहतो. ते कुलपाच्या कपाटातच हवे.

इतके सांगितल्यावर आम्हाला विषय सोडता आला असता. पण धुळीचा विचार करताना कामगाराला रायफलीपाशी थांबता येत नाही. वर आम्ही जो क्रम सांगितला, म्हणजे धूळ उठू न देणे, पोहोचू न देणे आणि शेवटी झाकणे, तो आम्ही रायफलीवरून शिकलेलो नाही. तो सूतखात्यात शिकलो. १८७७ साली जुनी मिल सुरू झाल्यापासून या शहराने कापसाची धूळ हुंगली आहे. ब्लो रूम आणि कार्डिंग खात्यात वर्षानुवर्षे राबलेल्या माणसाची छाती सुटीनंतरच्या पहिल्या पाळीला आवळते, श्वास अपुरा पडतो. आठवडा सरता सरता बरे वाटते आणि पुढच्या सुटीनंतर पुन्हा तेच. या रोगाला बिसिनोसिस म्हणतात. पुढे पुढे बरे वाटण्याचे दिवसही संपतात. दगड फोडणाऱ्याच्या फुप्फुसात गारगोटीची पूड बसली की सिलिकोसिस होतो, आणि तो औषधाने परतत नाही.

१९४८ च्या कारखाना कायद्याच्या १४ व्या कलमात असे लिहिले होते की धूळ शोषून घेणारे यंत्र बसवायचे झाल्यास ते धुळीच्या उगमाच्या शक्य तितके जवळ बसवावे. म्हणजे कायदा करणाऱ्यांनाही क्रम ठाऊक होता. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी काय घडते? यंत्र बसवायला खर्च येतो, म्हणून कामगाराच्या हाती एक फडके दिले जाते आणि तोंडाला बांध म्हणून सांगितले जाते. तिसरे काम पहिल्याच्या जागी बसवले जाते. आम्ही एका ठिकाणी पाहिले की नव्या यंत्रावर रात्री शिवलेले कापडी आच्छादन घातले जात होते, आणि त्याच खात्यात माणसे उपरण्याचा शेव नाकाशी धरून उभी होती. यंत्राला झाकले याबद्दल आमची तक्रार नाही. चांगल्या हत्याराची निगा राखणे हा कारागिराचा धर्मच आहे.

परंतु रायफल आणि माणूस यांत एक भेद आहे. कपाटात पडलेली रायफल श्वास घेत नाही. म्हणून तिला गवसणी पुरते. माणूस राबताना मिनिटाला वीस-पंचवीस वेळा हवा आत ओढतो. त्याला गवसणी घालता येत नाही. तोंडावरची पट्टी त्याला हवी, चांगल्या प्रतीची हवी, पण ती शेवटी हवी. आधी पाणी शिंपडणे, यंत्र झाकून घेणे, धूळ उगमापाशी शोषणे या गोष्टी हव्यात. जो मनुष्य आपल्या रायफलीसाठी खोलीत कोरडा केर काढू देत नाही, त्याने आपल्या कारखान्यात, आपल्या शाळेत, आपल्या गोदामातही कोरडा केर काढू देऊ नये. त्याला कारण माहीत झालेले आहे.

होटगीच्या एखाद्या मुलीने अशी गवसणी स्वतः शिवावी, तिची रायफल दहा वर्षे निर्मळ राहावी आणि १०.४ मिलिमीटरच्या त्या वर्तुळात तिचा नेम लागावा, अशी आमची इच्छा आहे. कापड, नाडी आणि मापे तर आता तिच्यापाशी आहेतच. तिच्या बापाच्या कामाच्या जागी धूळ शोषणारे यंत्र बसवून घेणे हे काम मात्र एकट्यादुकट्याने शिवून होणारे नाही; ते आपण सर्वांनी मिळून करावयाचे आहे.